पाठीवरचा परिग्रह

यात्रेची तयारी कशी करावी हे आपल्या समाजात कोणाला शिकवावे लागत नाही. शिखरजीला जायचे ठरले की घरातील ज्येष्ठ स्त्रिया आठवून आठवून सांगतात: सामायिकाचे आसन, मुहपत्ती, गळणे, कोरडा नाश्ता, गरम कपडे, औषधे. बाकीची काळजी धर्मशाळा आणि भोजनशाळा घेतात. परंतु जेथे धर्मशाळा नाही, भोजनशाळा नाही, दिव्याचे बटणही नाही, अशा ठिकाणी उघड्या आभाळाखाली तंबूत एक रात्र काढायची तर बरोबर काय न्यावे, हा प्रश्न आमच्या पिढीपुढे कधी आला नव्हता. नातवंडांच्या शाळांतून ‘कॅम्पिंग’ हा शब्द घरात शिरला आणि तो प्रश्नही मागोमाग आला.

आमच्या घरी तो तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुट्टीत आला. दहा वर्षांच्या नातवाने हट्ट धरला आणि अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याला जायचे ठरले. प्रवरेवरील विल्सन धरण 1926 साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाच्या काठाने हिवाळ्यात तंबू उभे राहतात. उत्तरेला 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, समोर शांत पाणी, आणि वस्तीला गावातील एका कुटुंबाने आनंदाने दिलेला शेताचा तुकडा. मी, सौ., मुलगा, सून आणि नातू असे आम्ही पाच जण होतो. त्या रात्री जे घडले त्यातून मी जे शिकलो, ते साधर्मिक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

सात बोचकी आणि एक रात्र

आम्ही भरपूर सामान नेले होते. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कमतरतेची फार भीती असते. ‘असू द्या, लागले तर?’ या एका वाक्यावर घरातील अर्धे स्वयंपाकघर गाडीत चढले. स्टीलची ताटे, दोन पातेली, पाट, चार चादरी, तीन रजया, मोठा कंदील, पत्त्यांचे दोन जोड, क्रिकेटची बॅट, इस्त्रीचे कपडे. सात बोचकी झाली. गाडी गावातच उभी करावी लागली. तेथून काठापर्यंत वीस मिनिटांची पायवाट होती. प्रत्येकाच्या दोन-दोन फेऱ्या झाल्या आणि तंबू उभा करीपर्यंत साडेचार वाजले.

आमच्या घरी चौविहार असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात त्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तांदूळ व मूगडाळ धुऊन शेगडीवर चढवायची वेळ आली तेव्हा आगपेटी सापडेना. ती सातव्या बोचक्याच्या तळाशी, रजयांच्या घडीत निघाली. खिचडी अर्धीकच्ची असतानाच सूर्य डोंगराआड गेला. दोन खाखरे आणि थोडे चणे खाऊन मी पच्चक्खाण घेतले. मला मधुमेह आहे. साखर कमी करणारी संध्याकाळची गोळी मात्र मी नेहमीप्रमाणे, नेमाने घेतली.

मध्यरात्र उलटल्यावर मला जाग आली ती घामाने. बाहेर कडाक्याची थंडी आणि अंगावरची बंडी ओली. हात थरथरत होते, छाती धडधडत होती. मी काही बोललो, ते असंबद्ध होते असे सौ. नंतर म्हणाली. तिने चटकन ओळखले की साखर उतरली आहे. ग्लुकोजची पुडी गाडीच्या खणात होती, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मिनिटांच्या अंतरावर. साखर मोजण्याचे यंत्र घरच्या कपाटात सुरक्षित होते. टॉर्चचे सेल संपलेले होते. सुनेने मोबाइलच्या उजेडात बोचकी एकामागून एक ताडपत्रीवर पालथी केली. साखरेचा डबा तिसऱ्यात सापडला. दहा मिनिटे गेली असतील. मला ती आठवत नाहीत.

साखरपाणी पुढे आले तेव्हा मी तोंड मिटून घेतले. ‘माझे पच्चक्खाण आहे’ एवढे एकच वाक्य मला स्पष्ट बोलता येत होते. सौ. म्हणाली, “म.सां.कडे जाऊन आलोयणा घेऊ. आत्ता तोंड उघडा.” चौतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याशी इतक्या कठोर स्वरात बोलल्याचे मला स्मरत नाही. मी तोंड उघडले. पंधरा-वीस मिनिटांत थरथर थांबली, मग तिने खाखराही खायला लावला. नातू कोपऱ्यात रजई लपेटून बसला होता. तो रडत नव्हता, पण सकाळपर्यंत झोपलाही नाही.

आगार आणि प्रमाद

परतल्यावर आमच्या गावी विराजमान असलेल्या महाराजसाहेबांकडे आम्ही दोघे गेलो. मी सर्व निवेदन केले. व्रतभंगाबद्दल काय प्रायश्चित्त घ्यावे, असे विचारले. त्यांनी उलट मला विचारले, “पच्चक्खाण घेताना आगार म्हणता ना?” मी रोज म्हणत होतो. त्यांचा अर्थ मात्र कधी पाहिला नव्हता. त्यांनी समजावले, की तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागली तर औषध घेण्याची मोकळीक त्या पच्चक्खाणातच शेवटच्या आगाराने दिलेली आहे. व्रत देणाऱ्या पूर्वाचार्यांनी माणसाच्या शरीराचा विचार केला होता. “तेव्हा साखर घेतली हा दोष मनात धरू नका,” ते म्हणाले, “दोष आहे तो प्रमादाचा. औषध कोठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने सात बोचकी कशासाठी नेली?”

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी स्वाध्याय दिला. तो मी केला. पण त्यांचा प्रश्न त्याहून अधिक काळ मनात राहिला. पाच समित्यांपैकी आदान-निक्षेपण समिती आपण साधू-साध्वींची मानतो: वस्तू उचलताना आणि ठेवताना सावध असणे. गृहस्थाला ती तेवढ्या काटेकोरपणे पाळता येणार नाही हे खरे. परंतु पिशवी भरणे म्हणजे दुसरे काय आहे? कोणती वस्तू उचलली, कोठे ठेवली आणि अंधारात ती हाताला कशी लागेल, याचीच ती सावधानता.

दोन रकाने

त्याच आठवड्यात मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे नेलेल्या वस्तू, उजवीकडे वापरलेल्या. डावीकडे 83 नोंदी झाल्या, उजवीकडे 34. म्हणजे निम्म्याहून अधिक ओझे आम्ही केवळ नेले आणि आणले. आणि ज्या चार वस्तू प्राणाशी निगडित होत्या, म्हणजे ग्लुकोज, साखर मोजण्याचे यंत्र, चालू टॉर्च आणि आगपेटी, त्यांपैकी एकही वेळेवर हाताशी नव्हती. एवढा वाईट ताळेबंद मी नोकरीत पाहिला नाही.

पुढच्या सहलीची यादी करायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. यादी आपल्याकडे तयारच आहे. श्रावकाने रोज धारावयाचे चौदा नियम आठवा: सचित्त, द्रव्य, विगय, उपानह, तांबूल, वस्त्र, कुसुम, वाहन, शयन, विलेपन, ब्रह्मचर्य, दिशा, स्नान आणि भत्त. आज किती पदार्थ खाईन, किती वस्त्रे वापरीन, किती पादत्राणे, किती अंथरुणे, कोणत्या दिशेला किती जाईन. तंबूच्या मुक्कामाची पिशवी भरण्यासाठी याहून चांगला नमुना मला आढळला नाही. नातवाला मी तो नियम म्हणून सांगितला नाही, खेळ म्हणून सांगितला: प्रत्येक शब्दापुढे आकडा लिही आणि तेवढेच ने. त्या क्रमानेच, पण जेथे सांगण्यासारखे आहे तेथेच थांबून, पुढे लिहितो.

शयन

थंडी वरून लागते असे आपल्याला वाटते. तंबूत ती प्रामुख्याने खालून लागते. शरीराची ऊब जमीन शोषून घेते. म्हणून तीन रजया अंगावर घेण्यापेक्षा एक फोमची चटई अंगाखाली घेणे अधिक उपयोगाचे. रजई अंगाखाली दबली की तिच्यातील हवा निघून जाते आणि तिची ऊबही जाते. फोमची चटई दबत नाही, वजनाला हलकी असते आणि गुंडाळून पिशवीला बाहेरून बांधता येते.

झोपण्याच्या पिशवीवर, म्हणजे स्लीपिंग बॅगवर, अनेकदा तापमानाचे दोन आकडे असतात. एक सुखाने झोप लागेल त्याचा, दुसरा जेमतेम निभाव लागेल त्याचा. विक्रेता दुसरा आकडा पुढे करतो. आपण पहिला वाचावा. भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास आणि कधी त्याखालीही उतरतो. थंड हवा जड असल्याने रात्री उतारावरून खाली सरकते आणि सखल भागात साचते. म्हणून अगदी काठापेक्षा थोडी उंच जागा उबदार असते.

येथे आपल्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट. महागड्या पिशव्यांत आणि जॅकेटांत ‘डाऊन’ भरलेले असते. डाऊन म्हणजे बदकांची व हंसांची छातीजवळची मऊ पिसे. ती कशी मिळवली जातात हे वेगळे सांगायला नको. त्याऐवजी कृत्रिम पोकळ तंतू भरलेली पिशवी घ्यावी. ती थोडी जड असते, पण स्वस्त असते आणि दवाने ओलसर झाली तरी बरीचशी ऊब टिकवते. अहिंसा आणि व्यवहार येथे एकाच बाजूला आहेत. खरेदीपूर्वी लेबल वाचण्याची सवय मात्र हवी.

तंबू आणि जागा

‘तीन माणसांचा तंबू’ याचा अर्थ तीन माणसे खांद्याला खांदा लावून, सामानाशिवाय. म्हणून माणसांपेक्षा एकाने मोठा तंबू घ्यावा. तो प्रथम घराच्या गच्चीवर उभारून पाहावा. एखादी काठी कमी आहे हे अंधारात कळण्यापेक्षा गच्चीवर कळलेले बरे. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा किंचित लहान असावी, कडेने बाहेर आली तर दव व पाऊस तिच्यावर साचून तंबूखाली ओघळतो. आणि कितीही थंडी असली तरी तंबूच्या झरोक्यांना बंद करू नये. श्वासातील बाष्प आतून थिजते आणि पहाटे अंगावर ठिबकते.

तंबूत शेगडी, कोळसा किंवा निखारे कधीही ठेवू नयेत. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहीत आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

जागा निवडताना आपली पूंजणी बरोबर असावी. मुंग्यांची रांग, बिळे, ओली हिरवळ टाळून कोरडी, कठीण, उघडी जमीन शोधावी आणि पूंजून मगच ताडपत्री अंथरावी. निसर्गात खूण न ठेवता राहण्याचे जे संकेत आज जगभर शिकवले जातात, त्यांतही कठीण जमिनीवर आणि पाण्यापासून सुमारे 60 मीटर दूर तंबू ठोकावा असेच सांगतात. हिरवळ वाचते, पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाट मोकळी राहते आणि आपले अंथरूणही कोरडे राहते.

वस्त्र आणि उपानह

सुती कपडा आपला आवडता, पण थंडीच्या चढणीवर तो बाधतो. घामाने भिजला की वाळत नाही आणि अंगाला गारवा देतो. आतून चटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा सदरा, वर फ्लीसचा उबदार कपडा, सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट, अशा तीन थरांत सर्व सामावते. रात्रीसाठी एक कोरडा जोड आणि कोरडे मोजे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि त्यांना दिवसा हात लावू नये. कानटोपी विसरू नये.

बूट चामड्याचे नसलेले, कापडी व कृत्रिम साहित्याचे, चांगली पकड असणारे आता सहज मिळतात. नवे बूट थेट सहलीत घालू नयेत. आठ-दहा दिवस घरच्या फेरफटक्यात वापरावेत. रात्री बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी घालण्यापूर्वी हळूच उलटे करून झटकावेत. त्यात विंचू आश्रयाला आलेला असू शकतो. आपलाही बचाव, त्याचाही.

पाणी

गळणे हा आपला शतकानुशतकांचा वारसा आहे. बांगलादेशात जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळून वापरण्याचा प्रयोग खेड्यांत केला गेला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे नमूद आहे, कारण पटकीचे जंतू पाण्यातील ज्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात ते प्राणी कापडात अडकतात. परंतु एवढ्यावर थांबू नये. सुटे जंतू कापडातून जातात. गाळलेले पाणी खळखळून उकळावे, एक मिनिट पूर्ण उकळी राहू द्यावी. गळण्यात राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडावेत, ही आपली रीत तेथेही पाळता येते.

उकळलेल्या पाण्याची काळमर्यादा परंपरेने हिवाळ्यात चार प्रहर मानली आहे. म्हणजे सूर्यास्तापूर्वी उकळलेले पाणी तिविहार करणाऱ्यांना रात्रभर चालते. यासाठी एक हलके झाकणाचे पातेले, दोन पदरी गळणे आणि माणशी दोन लिटरच्या बाटल्या पुरेत.

द्रव्य, विगय आणि भत्त

सहलीची तारीख ठरवण्यापूर्वी तिथी पाहावी. अष्टमी-चतुर्दशी टाळली तर भाजीचा प्रश्न सुटतो. त्यानंतर घड्याळ पाहावे. रात्री नऊला जेवणाऱ्यांची सहल आणि आपली सहल यांत फरक आहे तो येथेच. सूर्यास्त सहाला असेल तर शेगडी साडेचारला पेटली पाहिजे, त्यासाठी तंबू चारला उभा हवा, आणि घरून निघण्याची वेळ त्यावरून उलट मोजावी. डोंगराच्या कुशीत सूर्य पंचांगातील वेळेपूर्वीच दिसेनासा होतो, हेही लक्षात घ्यावे.

खाण्यात खाखरे, भाजलेले चणे, राजगिऱ्याचे लाडू, साळीच्या लाह्या, भाजलेल्या रव्याचे उपमा-मिश्रण आणि घरी निवडून मोजून बांधलेली तांदूळ-मूगडाळीची पुरचुंडी, त्यातच मीठ, हळद, जिरे. कंदमुळांशिवाय उत्तम जेवण होते आणि सोलणे-चिरणेही वाचते. आगपेटीचे दोन संच करावेत. एक शेगडीच्या पातेल्यातच ठेवावा, दुसरा खिशात.

मुलांच्या शिबिरांत शेकोटीवर मार्शमॅलो भाजून देण्याची नवी प्रथा आली आहे. त्यात बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन असते. मुलाला शिबिराला पाठवताना आयोजकांना हे आधी सांगावे आणि त्याच्याबरोबर चार लाडू जास्त द्यावेत. नुसते ‘खाऊ नकोस’ म्हणून दहा मुलांत एकट्याला बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

उजेड आणि शेकोटी

डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाला एक, आणि नवे सेल वेगळे. किडे पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. पिवळ्या किंवा तांबड्या उजेडाकडे कमी. म्हणून तांबड्या उजेडाची सोय असलेला टॉर्च घ्यावा, आणि तंबूच्या दारात दिवा टांगून ठेवू नये. लहान जीवांची हिंसाही टळते आणि तंबूत किडेही शिरत नाहीत.

शेकोटीबद्दल घरात वाद झाला. मुलाचे म्हणणे, शेकोटीशिवाय कसली सहल? वाळलेल्या लाकडात किती जीवांचे घर असते आणि ज्वाळेत रात्री किती येऊन पडतात, हे मी सांगितले. अनर्थदंड म्हणजे यापेक्षा वेगळे काय? अभयारण्याच्या हद्दीत आग पेटवण्यास कायद्यानेही मनाई असते. शेवटी दुसऱ्या सहलीत आम्ही शेकोटी केली नाही. सर्व दिवे मालवून बसलो. डिसेंबरच्या रात्री पूर्वेला कृत्तिका, रोहिणी आणि मृग नक्षत्र एकापाठोपाठ वर येतात. नातवाने मृगाच्या पोटातील तीन तारे स्वतः शोधून काढले. शेकोटीच्या प्रकाशात ते इतके स्पष्ट दिसले नसते, हे मुलानेच कबूल केले.

औषधे आणि उशाची पिशवी

सर्वांत महत्त्वाचा भाग हा. आमची रात्र मोजून पाहा. सूर्यास्त सहाला, सूर्योदय सातला, नवकारसी केली तर आणखी 48 मिनिटे. म्हणजे जवळजवळ चौदा तास पोटात काही नाही. त्यात दिवसभरची चढ-उतार. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी अशा दिवशी गोळी किती, केव्हा आणि जेवणाशी तिचा मेळ कसा, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. मी न विचारता नेहमीची गोळी घेतली, हीच माझी चूक होती. कोणते पच्चक्खाण झेपेल हे गुरुभगवंतांना विचारावे. दोन्ही ठिकाणी संकोच नको.

रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली तर सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी, आवश्यक तर पुन्हा द्यावी आणि सावरल्यावर काही खायला द्यावे. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी मध सुचवतात. आपल्याला त्याची गरज नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे असे काही न करता तो अवयव हलू न देता रुग्णालयात न्यावे.

हे सर्व माहीत असून उपयोग नाही, जर पुडी गाडीत असेल. म्हणून मुठीत मावेल अशी एक भडक रंगाची पिशवी करावी. तिच्यात ग्लुकोज, मोजण्याचे यंत्र, रात्रीची औषधे, टॉर्च, शिटी, आगपेटी आणि घरच्यांचे व जवळच्या दवाखान्याचे क्रमांक लिहिलेला कागद. ही पिशवी दिवसा सर्वांत वर आणि रात्री उशाशी. ती कोठे आहे हे लहानांसह प्रत्येकाला ठाऊक असावे.

मोठी पिशवी भरण्याचाही क्रम आहे. झोपण्याचे साहित्य तळाशी, जड वस्तू मध्यभागी पाठीलगत, पावसाचे जाकीट आणि दिवसाचे खाणे वर. मुक्कामी सहलीला निरोगी प्रौढाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे घेऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. मुलांनी व आमच्यासारख्या ज्येष्ठांनी दहावा हिस्सा पुरे मानावा. भरलेली पिशवी घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहावी. काटा खोटी भीड धरत नाही.

परिष्ठापना समितीचीही आठवण ठेवावी. एक खुरपी बरोबर न्यावी. पाणवठ्यापासून दूर, अर्धा फूट खोल खड्डा करावा आणि झाकावा. प्लॅस्टिकचा प्रत्येक तुकडा परत आणण्यासाठी रिकामी पिशवी न्यावी. येताना तेवढेच एक ओझे वाढलेले असावे.

दुसरी सहल

दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच शेतात गेलो. सात बोचक्यांऐवजी पाच पिशव्या होत्या, ज्याची त्याच्या पाठीवर. माझी सात किलोंची. एका फेरीत काठावर पोहोचलो. पाच वाजता खिचडी झाली आणि सूर्य डोंगरावर असतानाच सर्वांची जेवणे उरकली. डॉक्टरांनी त्या दिवसापुरती गोळी बदलून दिली होती. निजताना नातवाने न सांगता ती भडक पिशवी माझ्या उशाशी आणून ठेवली आणि चेन उघडून आतील ग्लुकोज एकदा पाहून घेतले. मग तो झोपला. सकाळी आम्हाला त्याला हलवून उठवावे लागले.

दिगंबर मुनी पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र एवढ्यावर देशभर विहार करतात. आपले साधू-साध्वी पात्रे, वस्त्रे, रजोहरण आणि पोथ्या स्वतःच्या खांद्यावर वाहतात. आपण त्यांची बरोबरी करू शकत नाही. पण वस्तू असणे म्हणजे परिग्रह नव्हे, वस्तूवरील आसक्ती म्हणजे परिग्रह, हा तत्त्वार्थसूत्राचा आशय मला पुस्तकापेक्षा त्या पायवाटेवर अधिक समजला. बॅट आणि स्टीलची ताटे ही आसक्ती होती. ग्लुकोजची पुडी ही आसक्ती नव्हती; तिलाच मी गाडीत ठेवले होते.

घरी आल्यावर नातवाने वहीत दोन रकाने आखले. नेलेल्या वस्तू 38, वापरलेल्या 35. न वापरलेल्या तीन वस्तूंत ती पुडी होती. “दादाजी, ही पुढच्या वेळी काढायची का?” त्याने विचारले. मग माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने स्वतःच तिच्यापुढे ‘न्यायचीच’ असे लिहिले.

जिनाज्ञेच्या विरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.